जळक्या रिलेनं गाडी वाचवली: सेल्फचा रिले, त्याची देखभाल आणि चोरीचा बंदोबस्त

राळेगावचा दहाचाकी | २६ ऑगस्ट, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. आमची दहाचाकी, २०११ चं मॉडेल, बीएस ३, इनलाइन डिझेल पंप, २४ व्होल्ट. हंगामात कापसाच्या गाठी, मग सोयाबीन, उन्हाळ्यात जे भाडं मिळेल ते. गाडी जुनी आहे, पण कर्ज फिटलेलं आहे आणि घर तिच्यावरच चालतं.

पोळ्याला ड्रायव्हर त्याच्या गावी गेला होता. गाडी नेहमीसारखी एसटी थांब्याशेजारच्या मोकळ्या जागेत. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोराच्या लाकडी बैलाला रंगीत कागद आणायला सकाळी निघालो, तर केबिनचं दार अर्धवट उघडं दिसलं. आत इग्निशनचं लॉक फोडलेलं, खालून वायरी उपसलेल्या, दोन वायरींची टोकं सोलून एकमेकींना पिळ दिलेला. बॅटऱ्या जागेवर, डिझेल जागेवर. म्हणजे चोराला अख्खी गाडीच न्यायची होती. पायरीवर बसलो तो दहा मिनिटं उठलोच नाही.

गाडी का गेली नाही, ते सांगतो. सेल्फचा रिले, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला करंट जोडून देणारा विजेवरचा छोटा स्विच, आठ-दहा दिवसांपासून दगा देत होता. चावी मारली की नुसता 'टक्' आवाज, सेल्फ गप्प. डॅशबोर्डखाली हात घालून रिलेवर पान्यानं हलकी टिचकी दिली की मगच सेल्फ उचलायचा. ही टिचकी मला, ड्रायव्हरला आणि क्लीनरला ठाऊक. चोराला नाही. त्याला 'टक् टक्' ऐकून बॅटरी उतरली असं वाटलं असेल.

आता पेच असा आहे. रिले बदलायलाच हवा, रस्त्यात कधी दगा देईल सांगता येत नाही. पण बदलला की पुढच्या वेळी चोराच्या हातानंही गाडी सुरू होईल. जे काम जळक्या रिलेनं नकळत केलं, ते चांगल्या रिलेकडून जाणूनबुजून करून घेता येईल का? माहीतगारांनी सांगावं.

आर्वीचा भाऊ | २६ ऑगस्ट, रात्री ९.३२

भाऊ, पयले पोलीस स्टेशनले जाऊन तक्रार देली का? गाडी गेली नाही म्हून सोडून देऊ नका. फोडलेल्या लॉकचे फोटो काढून ठेवा.

राळेगावचा दहाचाकी | २६ ऑगस्ट, रात्री ९.४०

दिली भाऊ, त्याच दिवशी. फोटोही आहेत.

जुना फिटर, हिंगणघाट | २६ ऑगस्ट, रात्री १०.१५

गाडी वाचली, फार बरं झालं. पण ज्या रिलेला टिचकी लागते तो आतून संपलेला असतो. कधीतरी तो उलटा दगा देईल. आतले करंट जोडणारे पॉइंट चिकटून बसले की चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो. मग सेल्फचं आर्मेचर जळतं, केबल तापते, आणि गाडीत गाठी भरलेल्या असल्या तर पुढचं बोलायला नको. म्हणून आधी रिले, मग चोर.

रिले खराब आहे की वायरिंग, हे अंदाजानं ठरवू नका. रिलेवर आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७, आणि पाच पिनांचा असला तर ८७अ. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं (कॉइल म्हणजे तारेची गुंडाळी, करंट मिळाला की पॉइंटची पट्टी ओढून घेते). ३० वर बॅटरीचा प्लस येतो. कॉइलला करंट मिळाला की ३० आणि ८७ जोडले जातात आणि प्लस सेल्फच्या सोलेनॉइडला (सेल्फवरच्या मोठ्या विजेच्या स्विचला) जातो. ८७अ उलटा, कॉइल बंद असताना तो ३० ला जोडलेला असतो. तुमचा 'टक्' वाजतो, म्हणजे कॉइल काम करते आणि पॉइंट करंट देत नाहीत.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक ३० ला, काळं ८७ ला, सॉकेटच्या मागून. कुणाला तरी चावी मारायला सांगा. रिले ओढल्यावर मीटरवर ०.२ व्होल्टच्या आत दिसायला हवं. जास्त दिसलं तर तेवढे व्होल्ट तुमचा रिले खातो. रिले काढून टेबलावर ओहम मोजून समाधान मानू नका. पॉइंटच्या एका टोकाचा कणभर स्पर्श झाला तरी ओहमवर शून्य दिसतं, आणि लोड आला की तोच कण जळतो.

राळेगावचा दहाचाकी | २७ ऑगस्ट, दुपारी १.०५

काका, मोजलं. कॉइल ३१५ ओहम. चावी मारल्यावर ३० आणि ८७ मध्ये ३.८ व्होल्ट. टिचकी दिल्यावर ०.९, आणि पुन्हा वाढत जातो.

रिलेचं झाकण चाकूनं उचकटून पाहिलं. आत मसुरीच्या डाळीएवढे दोन पॉइंट. एकावर खड्डा पडलेला, दुसऱ्यावर बरोबर त्या मापाची बारीक टेकडी उगवलेली. भोवती काजळी. वरची पितळी पट्टी टोकाला निळसर झालेली. पंधरा वर्षं गाडीत बसतोय, हा तुकडा आतून कधी पाहिला नव्हता. पॉलिश पेपरनं घासून घेऊ का?

जुना फिटर, हिंगणघाट | २७ ऑगस्ट, दुपारी १.५०

घासू नका. पॉइंटवर चांदीच्या मिश्रधातूचा थर असतो, तो घासला की खालचं तांबं उघडं पडतं. चार दिवस चालेल, पाचव्या दिवशी जास्त जळेल. खड्डा आणि टेकडी ही डीसी करंटची खूण. करंट एकाच दिशेनं वाहतो, म्हणून ठिणगीबरोबर एका पॉइंटचा धातू दुसऱ्यावर जाऊन बसतो.

नवा घेताना तीन गोष्टी पाहा. एक, कॉइल २४ व्होल्टचीच हवी. १२ चा रिले त्याच सॉकेटमध्ये गपकन बसतो, आणि तापून मरतो. दुसरं, अँपिअर. एकाच आकाराच्या रिलेवर १२ व्होल्टला ४० अँपिअर लिहिलेलं असतं आणि २४ व्होल्टच्या भावंडावर २०. कारण २४ व्होल्टची ठिणगी लांब ताणते, पटकन विझत नाही. जुन्यावर छापलेला आकडा पाहूनच घ्या. तिसरं, वरचा नकाशा. काही रिलेत ३० आणि ८६ ची जागा अदलाबदल असते. आत डायोड असेल तर ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनसच गेलं पाहिजे. उलटं दिलं तर सरळ शॉर्ट.

आणि सॉकेट. लोक याच्याकडे बघतच नाहीत. मादी टर्मिनल सैल झालं असेल, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, तर नवा रिलेही महिन्याभरात जळतो. रिले हातानं सहज निघत असेल तर सॉकेट गेलं समजा. अख्खं सॉकेट वायरीसकट बदला, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून घ्या, नुसता पिळ देऊन टेप मारू नका.

वणीची धूळ | २७ ऑगस्ट, रात्री ८.२०

आमच्या गाड्या कोळशाच्या खाणीवर चालतात. आमचा अनुभव लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. कोळशाची धूळ कोरडी असते तोवर फार त्रास नाही. पहिला पाऊस झाला की तीच धूळ ओली होऊन पिनांमधून करंट झिरपवते. एकदा पार्किंग लाइट बंद असूनही मंद पेटलेले दिसले, दोन दिवस शोधलं. रिलेच्या सॉकेटमध्ये काळा चिखल होता.

आता मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा, सगळे रिले काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारतो. हवेच्या पाइपनं फुंकत नाही, टाकीत पाणी असतं आणि ते सॉकेटमध्ये जातं. पिनांवर हिरवी बुरशी दिसली तर कुठून पाणी येतं ते शोधतो. रिले पिना खाली करून बसवायचा, आणि वायर सॉकेटपर्यंत येण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवायची, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी तिथंच गळून पडतं.

वायरिंगवाला मास्तर | २७ ऑगस्ट, रात्री ९.०५

दहाचाकी भाऊ, एक विचारतो. ही 'टक् टक्' उन्हाळ्यात सुरू झाली होती का?

राळेगावचा दहाचाकी | २७ ऑगस्ट, रात्री ९.१२

हो! नवतपात दुपारी व्हायची, सकाळी नाही. तेव्हा बॅटरीवर संशय घेतला, पाणी टाकलं, विसरून गेलो.

वायरिंगवाला मास्तर | २७ ऑगस्ट, रात्री ९.४५

मग सुरुवात तिथंच झाली. कॉइल तांब्याच्या तारेची. तांबं तापलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्का अडथळा वाढतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर, बंद केबिनमध्ये डॅशबोर्डखाली त्याहून बरंच जास्त. २० अंशाला ३१५ ओहमची कॉइल ८० अंशाला ३९० च्या आसपास जाते. म्हणजे तेवढेच व्होल्ट देऊन करंट पाचव्या हिश्शानं कमी, आणि ओढ त्याहूनही कमी.

त्यात सेल्फ फिरताना बॅटरीचे व्होल्ट खाली येतात. बॅटरी म्हातारी आणि अर्थ कच्चा असेल तर फारच खाली. गरम कॉइल तेवढ्यावर पट्टी धरून ठेवू शकत नाही, सोडते. सोडली की लोड जातो, व्होल्ट वर येतात, पुन्हा ओढते. सेकंदात दहा-वीस वेळा. ही टकटक म्हणजे पॉइंटवर तेवढ्या ठिणग्या. तुमचा खड्डा नवतपात पडायला लागला आणि पोळ्याला पुरा झाला.

म्हणून नुसता रिले बदलून थांबू नका. बॅटरीची टर्मिनलं, इंजिन ते चेसिस अर्थची (मायनस जोडणारी) पट्टी, दोन्ही घासून आवळा. आणि सांगा, गाण्याच्या टेपला १२ व्होल्ट कुठून घेतलेत?

राळेगावचा दहाचाकी | २७ ऑगस्ट, रात्री ९.५८

एका बॅटरीवरून. चुकलं ना?

वायरिंगवाला मास्तर | २७ ऑगस्ट, रात्री १०.०१

चुकलं. ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. २४ ते १२ चा कन्व्हर्टर लावा. बहुतेक जोडीतल्या एकाच बॅटरीचं पाणी लवकर आटत असेल.

राळेगावचा दहाचाकी | २७ ऑगस्ट, रात्री १०.०४

अगदी बरोबर. पुढची.

पुसदचा ट्रान्सपोर्ट | २८ ऑगस्ट, सकाळी ७.३०

चोरीच्या मुद्द्यावर येतो. आमच्या चार गाड्यांना जीपीएस आहे, त्यातल्या रिलेनं मोबाइलवरून इंधन बंद करता येतं. बसवून टाका. गाडी कुठंही असो, बटण दाबलं की जागेवर उभी.

स्टेअरिंग नंबर एक | २८ ऑगस्ट, दुपारी ३.१५

मी ड्रायव्हर हाय. सोळा वर्सांपासून गाडी चालवून राह्यलो. वरच्या भाऊनं लिवलं ते वाचून राहवलं नाही.

मांगच्या मालकानं गाडीले असाच रिले बसोला होता. मले सांगतलं नाही. रोटरी पंपाची गाडी होती, पंपावरच्या सोलेनॉइडची वायर त्या रिलेतून नेली होती. त्या सोलेनॉइडले करंट हाय तोवर डिझेल, करंट गेला की इंजिन बंद. वडकीच्या पुढं, करंजीच्या अलीकडं, रातचे अडीच वाजले होते. गाडीत सरकी भरलेली. खड्ड्यात चाक गेलं आणि इंजिन बंद. स्टेअरिंग दगडासारखं झालं, काऊन की पॉवर स्टेअरिंगचा पंप इंजिनावरच फिरते. मांगून ट्रेलर येऊन राह्यला होता. टाकीत हवा होती म्हून ब्रेक लागले. कशीबशी साइडले घेतली. क्लीनर पोरगा लहान होता, रडाले लागला.

सकाळी मिस्त्रीनं पायलं तर डॅशबोर्डच्या मांगं तो रिले टेपनं बांधलेला, सॉकेट ढिलं. मालकानं बटण दाबलं नोयतं. रिलेच खड्ड्यानं हालला.

मालक लोकायले हात जोडून सांगतो. चालत्या गाडीचं इंजिन बंद करन असं काहीबी लावू नका. आणि जे लावान ते ड्रायव्हरले सांगा. आमच्यावर इस्वास नाही म्हून सांगत नसान, तर मंग आमच्या हाती गाडी तरी काऊन देता?

पुसदचा ट्रान्सपोर्ट | २८ ऑगस्ट, दुपारी ४.०२

भाऊ, माफ करा. हा विचारच केला नव्हता. आमच्या गाड्यांत तो रिले नेमका कुठल्या वायरीत आहे, हे मला ठाऊकच नाही. आजच बघतो.

जुना फिटर, हिंगणघाट | २८ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४०

ड्रायव्हर भाऊंनी लिहिलं ते मी दुकानात तीन-चारदा पाहिलंय. माझा नियम सांगतो. चोरीचा बंदोबस्त गाडीला *सुरू होण्यापासून* अडवणारा असावा, *चालण्यापासून* नाही. तुमचा बंदोबस्त बिघडला तर गाडी जिथं उभी आहे तिथंच उभी राहील. वैताग होईल, कुणाचा जीव जाणार नाही.

इंधनाच्या वायरीत काही घालायचंच असेल तर ८७अ वापरा. म्हणजे कॉइल मेलेली असताना सर्किट जोडलेलं, आणि अडवायचं तेव्हाच कॉइलला करंट. रिले जळला तरी इंजिन चालू राहतं. आणि जीपीएसवाल्याकडून वेग शून्य असतानाच कट होईल असं लावून घ्या. तरीही सॉकेट ढिलं झालं तर ८७अ पण वाचवत नाही, म्हणून माझं मत: इंधनाच्या वायरीला हात लावू नये.

दहाचाकी भाऊंना तर याची गरजच नाही. तुमची गाडी स्टॉप केबल ओढून बंद होते, पंपावर विजेचं काही नाही. एकदा सुरू झालेल्या अशा डिझेल इंजिनाला वायर लागतच नाही, बॅटरीची केबल काढली तरी ते चालत राहील. (काढून बघू नका, अल्टरनेटर आणि बल्ब दोन्ही जातील.) म्हणून पेट्रोल गाडीसारखं इग्निशन कट करून काही साधत नाही. अडवायचं ते सेल्फलाच.

आणि त्यासाठी जास्तीचा रिलेही नको. सेल्फच्या रिलेची ८५ ची वायर कुठंतरी बॉडीला अर्थ केलेली आहे. ती अर्थवरून सोडवा आणि एका लपवलेल्या खटक्यातून अर्थला न्या. झालं. खटका बंद असला की कॉइलचं सर्किट अपुरं, चावी मारा की वायरी पिळा, 'टक्' सुद्धा होणार नाही. त्या वायरीत २४ भागिले ३१५, म्हणजे साधारण ०.०८ अँपिअर करंट. साधा छोटा खटका आणि बारीक वायर पुरते. सेल्फच्या जाड वायरीला किंवा ८७ च्या वायरीला खटका लावू नका, तो जळेल.

मी अर्थच्याच बाजूला का सांगतो? ती वायर कुठं घासून चेसिसला लागली तर आग लागत नाही, फ्यूज उडत नाही. मात्र गाडी खटक्याशिवाय सुरू व्हायला लागते, म्हणजे बंदोबस्त गेला आणि तुम्हाला कळलंच नाही. म्हणून महिन्यातून एकदा खटका बंद ठेवून चावी मारून बघायचं. सेल्फ उचलला, तर वायर शोधा.

राळेगावचा दहाचाकी | २८ ऑगस्ट, रात्री ८.५५

काका, इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. पण चोरानं रिले उपटून सॉकेटमध्ये ३० आणि ८७ तारेनं जोडले तर?

जुना फिटर, हिंगणघाट | २८ ऑगस्ट, रात्री ९.२०

तर सेल्फ फिरेल. चांगला प्रश्न. म्हणून रिले त्याच्या छापील जागेवरून हलवायचा. नवं सॉकेट दुसरीकडं, जिथं हात सहज जात नाही पण पाणी आणि इंजिनाची गरमीही येत नाही. जुन्या सॉकेटच्या वायरी काढून टोकं नीट बंद करायची, विशेषतः ३० ची, तिच्यात कायम प्लस असतो. नव्या जागेपर्यंत वायर वाढवावी लागली तर तेवढ्याच जाडीची, बॅटरीकडच्या टोकाला फ्यूज.

खरा जाणकार चोर गाडीखाली जाऊन सेल्फच्या सोलेनॉइडची दोन टर्मिनलं पेचकसानं जोडतो, त्याला रिलेशी घेणंदेणं नाही. त्यावर उपाय पत्र्याचा. सेल्फच्या टर्मिनलांवर पत्र्याची टोपी बसवा, आतून रबर लावून, म्हणजे ती टर्मिनलांना लागणार नाही. ती खोलायला त्याला पाच-सात मिनिटं लागतील, आणि त्याला तेवढा वेळ नको असतो.

आर्वीचा भाऊ | २८ ऑगस्ट, रात्री ९.४४

आमच्या गाडीले डिझेलच्या पाइपात कॉक हाय. उभी करताना बंद करतो. कोनी सुरू केली तरी फिल्टरातल्या डिझेलवर थोडी दूर जाते आणि मधातच बंद पडते. पन मंग लाइनीत हवा भरते, एअर काढत बसा लागते. आमी विसरलो तर आमालेच तरास. मुक्कामाच्या रातीलेच वापरतो.

यवतमाळची सहा | २९ ऑगस्ट, सकाळी ८.१०

माझी बीएस ६ गाडी, २०२१ ची. ही युक्ती चालेल का?

वायरिंगवाला मास्तर | २९ ऑगस्ट, सकाळी ९.००

जपून. बीएस ४ पासून पुढच्या गाड्यांत बऱ्याचदा सेल्फच्या रिलेची कॉइल ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतः चालवतो. मध्येच वायर तुटलेली दिसली की फॉल्ट कोड येतो. आपल्या हातानं सोलून टेस्ट लॅम्प लावला तर ईसीयूचं आउटपुट जाऊ शकतं. कॉइल बंद होताना उलटा झटका येतो, शेकडो व्होल्टचा, डायोड किंवा रेझिस्टर नसलेला रिले तिथं लावूच नये. तुमच्या गाडीत कंपनीचा इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर तोच उत्तम, वायरिंगचा नकाशा असलेल्या मेकॅनिककडूनच पुढचं काम.

तुम्ही बॅटरीचा कट-ऑफ वापरत असाल तर चावी काढल्याबरोबर तो मारू नका. डीईएफचा (धूर साफ करायच्या युरियाच्या द्रावणाचा) पंप चावी बंद झाल्यावर पाइपातला युरिया परत ओढून घेतो, त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तोडलं तर युरिया पाइपात सुकून खडे होतात. आणि त्या लाल चावीच्या कट-ऑफवर फार विसंबू नका, बहुतेक चाव्या एकमेकींना लागतात.

कारंजेकर | २९ ऑगस्ट, सकाळी १०.२५

विम्याचं थोडक्यात लिहितो, कारण चोरी झाल्यावर डोकं चालत नाही. आधी ११२, मग लगेच एफआयआर. आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली होते. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. दोन्ही मूळ चाव्या मागतात, म्हणून दुसरी चावी गाडीत ठेवू नका. कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारला, तर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा. ट्रॅक्टर चोरीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की एफआयआर लगेच दिला असेल, तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही. फास्टॅगचा एसएमएस मालकाच्याच नंबरवर येईल असं ठेवा, टोल ओलांडला की कळतं.

वणीची धूळ | २९ ऑगस्ट, दुपारी १२.१०

सगळं उघड लिहून राहिलो आपण. चोरही वाचत असतील.

जुना फिटर, हिंगणघाट | २९ ऑगस्ट, दुपारी १२.४०

रिले कसा चालतो हे चोराला आपल्याआधी माहीत असतं. त्याला माहीत नसते ती एकच गोष्ट, तुमचा खटका कुठं आहे. ती इथं कुणी लिहू नका, आणि कुणी कुणाला विचारूही नका. दुकानात काम करून घेतलंत तर जागा नंतर स्वतः बदला, माझ्या दुकानात केलं तरी.

राळेगावचा दहाचाकी | ४ सप्टेंबर, रात्री १०.३०

काम झालं. नवा २४ व्होल्टचा रिले, रेझिस्टरवाला, नवं सॉकेट, जागा बदलली. अर्थची पट्टी काढली तर खाली गंजाचा थर होता, घासून आवळली. टेपला कन्व्हर्टर. पुढची बॅटरी आता जोडीला पुरत नव्हती, दोन्ही बदलल्या, तेवढा खर्च झाला. चावी मारल्यावर ३० आणि ८७ मध्ये ०.१ व्होल्ट. आता सेल्फ लगेच उचलतो.

खटका बसवला तेव्हा ड्रायव्हरला सोबत घेतलं. जागा त्यानंच सुचवली, अंधारात न बघता हात जाईल अशी. त्याला स्टेअरिंग नंबर एक भाऊंचं सगळं वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, दोनदा खटका दाबून पाहिला आणि चहा सांगून आला.

स्टेअरिंग नंबर एक | ५ सप्टेंबर, सकाळी ६.२०

वाचून बरं वाटलं दादा.

पुसदचा ट्रान्सपोर्ट | ५ सप्टेंबर, सकाळी ९.१५

आमच्या चारपैकी दोन गाड्यांत रिले इंधनाच्या सोलेनॉइडवर निघाला. दोन्ही काढून सेल्फच्या कॉइलवर घेतले. एका सॉकेटची पिन नुसती टेपवर तरली होती.

राळेगावचा दहाचाकी | ९ नोव्हेंबर, रात्री ९.०५

धागा वर आणतोय, कारण फिटर काकांनी सांगितलेलं खरं झालं. दर महिन्याच्या १ तारखेला खटका बंद ठेवून चावी मारतो. ऑक्टोबरमध्ये ठीक होतं. या वेळी कामामुळं राहून गेलं, आज आठवलं. खटका बंद, चावी मारली, आणि सेल्फ उचलला.

पोटात गोळा आला. म्हणजे किती दिवस गाडी उघडीच होती, देव जाणे. टॉर्च घेऊन वायर धरत धरत गेलो. केबिनच्या पत्र्याला जिथं भोक पाडून वायर आत घेतली होती, तिथं कडेला वरचं प्लास्टिक घासून तांब्याचे तीन तंतू उघडे पडले होते, पत्र्यावर त्यांची लालसर रेघ उमटलेली. कापसाच्या रस्त्यांवर महिनाभर गाडी हादरत होती, तेवढं पुरलं.

भोकाला रबरी ग्रोमेट बसवलं, वायर बदलली, होसपाइपचा वीतभर तुकडा उभा चिरून तिच्यावर चढवला आणि दोन्ही टोकांना पट्टी आवळली.

जुना फिटर, हिंगणघाट | ९ नोव्हेंबर, रात्री ९.२५

ग्रोमेटचं मीच सांगायला हवं होतं, राहून गेलं. आता तपासणी दर पंधरा दिवसांनी ठेवा, हंगाम संपेपर्यंत. जुन्या सॉकेटचं काय केलंत?

राळेगावचा दहाचाकी | ९ नोव्हेंबर, रात्री ९.३१

वायरी बंद करून ते जागेवरच ठेवलंय काका. त्यात तोच जळका रिले झाकण लावून परत बसवला आहे.